कावेरीतीरीचे मराठी जीवन : राजवाडा, मठ आणि माजघर

तंजावर येथील श्रीबृहदीश्वराचे मंदिर चोळ सम्राट राजराज याने इ. स. १०१० च्या सुमारास पूर्ण केले. त्याच्या भिंतींवर चोळांचे तमिळ शिलालेख ठायी ठायी आढळतात, आणि चोळांनंतरच्या राजवटींनीही तेथे आपली अक्षरे ठेवली आहेत. याच मंदिराच्या नैर्ऋत्येकडील भिंतीवर बाळबोध लिपीत कोरलेला एक अतिविस्तृत मराठी लेख आहे. सरफोजी महाराज दुसरे यांच्या आज्ञेने त्यांचे चिटणीस बाबूराव यांनी भोसले कुळाचा इतिहास सिद्ध केला आणि इ. स. १८०३ मध्ये तो पाषाणावर उतरला. महाराष्ट्रापासून इतक्या दूर, तमिळ देशाच्या हृदयस्थानी असलेला हा लेख जगातील सर्वांत मोठ्या शिलालेखांत गणला जातो.

आज त्या भिंतीजवळून दररोज असंख्य भाविक जातात. त्यांपैकी फारच थोड्यांना तो लेख वाचता येतो. त्याच नगरात सायंकाळी एखाद्या भजनमंडळीत टाळांच्या नादावर तुकोबांचा अभंग उठतो, आणि गाणाऱ्यांपैकी बहुतेकांची मातृभाषा तमिळ असते. पाषाणावरील मराठी मूक राहिली आणि टाळावरील मराठी परक्यांच्याही कंठात बसली, असे का व्हावे? ज्या समाजाला आपली जन्मभूमी सोडून अन्य भाषिकांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहावे लागते, त्याने या प्रश्नाचा विचार अवश्य केला पाहिजे. बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, भागानगर येथील मराठी कुटुंबांना तर तंजावरचा इतिहास हा आपल्याच घरच्या वडील शाखेचा इतिहास वाटावा, इतके त्यात साम्य आहे.

मराठ्यांचा या प्रदेशाशी आलेला संबंध शहाजीराजे भोसले यांच्या कर्नाटकातील कारकिर्दीपासूनचा होय. विजापूरच्या आदिलशाहीचे सरदार म्हणून शहाजीराजांनी बंगळूर येथे आपले ठाणे केले. त्यांचे पुत्र आणि शिवछत्रपतींचे सापत्न बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावरच्या नायक घराण्यातील वारसाहक्काच्या कलहाचा लाभ घेऊन इ. स. १६७५-७६ च्या सुमारास ते राज्य आपल्या हाती घेतले. तेव्हापासून इ. स. १८५५ पर्यंत, म्हणजे सुमारे एकशे ऐंशी वर्षे, कावेरीच्या त्रिभुज प्रदेशावर भोसल्यांचे राज्य होते. राज्याबरोबर माणसे आली. कारकुनी व मुत्सद्दीगिरी करणारे देशस्थ ब्राह्मण आले, लढवय्ये मराठे आले, शिंपी-रंगारी आले. पुराणिक, हरिदास आणि गोसावी आले. त्यांपैकी पुष्कळांचे वंशज पुन्हा महाराष्ट्रात गेले नाहीत.

ही मंडळी ज्या देशात आली तो देश रिकामा नव्हता, हे ध्यानी घेतले पाहिजे. प्रजा तमिळ होती; तिचे वाङ्मय मराठीहून कितीतरी प्राचीन होते. दरबाराची भाषा नायकांच्या काळापासून तेलुगू होती आणि तेथील संगीत, नृत्य व नाट्य तेलुगू पदांवर पोसले गेले होते. पंडितांची भाषा संस्कृत होती. अशा तीन संपन्न परंपरांच्या मध्यभागी मराठी ही मूठभर नवागतांची भाषा होती. तिच्या हाती राजदंड असला, तरी संख्याबळ नव्हते आणि प्राचीनतेचा मानही नव्हता. अशा स्थितीत राज्यकर्त्यांनी आपली भाषा प्रजेवर लादण्याचा प्रयत्न केला असता, तर तो हास्यास्पद ठरला असता. आणि आपली भाषा टाकून दिली असती, तर दोन पिढ्यांत तिचा मागमूस उरला नसता. तंजावरकरांनी या दोहोंहून वेगळा मार्ग धरला.

व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे (इ. स. १६८४–१७१२) यांच्या चरित्रात तो मार्ग स्पष्ट दिसतो. त्यांनी तिरुविशनल्लूर हे गाव ‘शहाजिराजपुरम्’ या नावाने चाळीसहून अधिक विद्वानांना अग्रहार म्हणून दिले. ते स्वतः तेलुगूत यक्षगाने व पदे रचीत, आणि तिरुवारूरच्या श्रीत्यागेशाच्या भक्तीने त्यांची रचना भारलेली आहे. त्याच राजाच्या नावावर ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे मराठी नाटक आहे. विष्णुदास भावे यांनी सांगलीस ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले ते इ. स. १८४३ मध्ये. त्याच्या सुमारे दीड शतक आधी कावेरीतीरी मराठी नाटक लिहिले जात होते, आणि त्या नाटकाचा साचा दक्षिणेतील यक्षगानाचा होता. शहाजीराजांच्या नावावर असलेल्या ‘पंचभाषाविलास’ नाटकात तर संस्कृत, मराठी, तेलुगू, तमिळ आणि हिंदी अशा पाच भाषा एकाच रंगमंचावर नांदतात. एका भाषेवर प्रेम करण्यासाठी दुसरीचा द्वेष करावा लागत नाही, हे त्या दरबाराने कृतीने दाखविले.

हीच दृष्टी सव्वाशे वर्षांनी सरफोजी महाराज दुसरे (इ. स. १७९८–१८३२) यांच्या ठायी अधिक व्यापक झालेली आढळते. त्यांचे शिक्षण श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनरी गुरूच्या देखरेखीखाली झाले होते. इ. स. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनी सरकारकडे गेला आणि महाराजांकडे किल्ला व त्याभोवतालचा थोडा मुलूख एवढेच उरले. सत्ता गेल्यावर त्यांनी विद्येकडे मोर्चा वळविला. पूर्वापार चालत आलेल्या राजग्रंथालयाची त्यांनी इतकी वृद्धी केली की, आज ‘सरस्वती महाल’ म्हटले की त्यांचेच नाव आठवते. काशीयात्रेतही त्यांनी हस्तलिखितांचा संग्रह केला. इ. स. १८०५ च्या सुमारास त्यांनी ‘नवविद्याकलानिधि’ या नावाचा छापखाना घातला. मुंबई-पुण्याकडे मराठी छपाईचा प्रसार होण्यापूर्वीच तेथे इसापनीतीचे मराठी भाषांतर ‘बाळबोध मुक्तावळी’ या नावाने मुद्रित झाले.

सरफोजींच्या ‘देवेंद्र कुरवंजी’ या रचनेचा येथे विशेष उल्लेख केला पाहिजे. कुरवंजी हा तमिळ लोकरंगभूमीवरील नृत्यनाट्याचा प्रकार आहे. भविष्य सांगणारी कुरव स्त्री त्यात मुख्य असते. ती आपल्या डोंगरांचे व देशांचे वर्णन करते. सरफोजींनी तोच साचा उचलला आणि मराठी भाषेत जगाच्या भूगोलाचे वर्णन त्या कुरवंजीच्या तोंडी घातले. साचा तमिळ, वाणी मराठी आणि विषय पाश्चात्त्य विद्येचा, असा तो त्रिवेणीसंगम होय. त्याच सरफोजींना नायक कल्पून कोट्टैयूर शिवक्कोळुंदु देशिकर या कवीने तमिळमध्ये ‘शरभेंद्र भूपाल कुरवंजी’ रचली, आणि ती बृहदीश्वराच्या मंदिरात होत असे. मराठी राजाने तमिळ साचा आपलासा केला आणि तमिळ कवीने मराठी राजाला आपल्या काव्यात आणले. सांस्कृतिक देवघेव म्हणतात ती हीच.

परंतु राजवाड्याची मराठी राजवाड्याच्याच आयुष्याला बांधलेली होती. इ. स. १८५५ मध्ये शिवाजी महाराज दुसरे पुत्रसंतानावाचून वारले आणि कंपनी सरकारने राज्य खालसा केले. राणी कामाक्षीबाईसाहेब यांनी न्यायासाठी दाद मागितली; तो वाद विलायतेतील प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि इ. स. १८५९ मध्ये निकाल त्यांच्या विरुद्ध लागला. दरबार उठला. मोडी लिपीत दरबारचे दफ्तर लिहिणाऱ्या हातांना काम उरले नाही. नाटके करणाऱ्यांना आणि पाहणाऱ्यांना आश्रय उरला नाही. इ. स. १९१८ मध्ये सरस्वती महाल सार्वजनिक झाला, ही भाग्याचीच गोष्ट. नाहीतर जे वाचले तेही गेले असते. पुढे त्या मोडी कागदांपैकी निवडक कागदांचा तमिळ अनुवाद तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने प्रसिद्ध केला. हे कार्य मोठे आहे आणि त्याबद्दल मराठी माणसाने कृतज्ञ असावे. तथापि ज्यांच्या पूर्वजांनी ते कागद लिहिले, त्यांच्यापैकी अनेकांना आज ते तमिळ अनुवादावाचून समजत नाहीत, ही गोष्ट अंतर्मुख करणारी आहे.

राजाश्रयाविना जे टिकले त्याचे मूळ मठांत आहे. सांप्रदायिक परंपरा असे सांगते की, श्रीसमर्थ रामदासस्वामी रामेश्वरयात्रेच्या निमित्ताने तंजावरास गेले आणि व्यंकोजीराजांना त्यांचा अनुग्रह झाला. सज्जनगडावरील श्रीराम, लक्ष्मण, सीता व मारुती यांच्या मूर्ती तंजावरच्या एका अंध कारागिराने घडविल्या आणि समर्थांच्या अखेरच्या दिवसांत त्या गडावर पोहोचल्या, ही कथाही संप्रदायात श्रद्धेने सांगितली जाते. या परंपरेचा आशय मोठा मनोज्ञ आहे : महाराष्ट्रातून दक्षिणेकडे उपदेश गेला आणि दक्षिणेकडून महाराष्ट्राकडे आराध्यमूर्ती आली. समर्थशिष्य भीमस्वामी यांनी तंजावरास मठ चालविला. पुढे मन्नारगुडी आदी ठिकाणीही रामदासी मठ झाले. अनंतमौनींच्या परंपरेतील मेरुस्वामी यांनी ‘रामसोहळा’ रचला, आणि माधवस्वामींनी रामायण-महाभारताच्या कथा मराठी ओवीत आणल्या. तिकडे अरणीस आनंदतनयासारखा आख्यानकवी निर्माण झाला. या कवींची हस्तलिखिते मुख्यतः मठांनी आणि सरस्वती महालाने राखली.

मठात ग्रंथ होते, पण मठ केवळ ग्रंथांवर चालत नाही. तेथे नित्य उपासना होती, उत्सव होते, भिक्षा होती, अन्नदान होते आणि कीर्तन होते. कीर्तनास श्रोता लागतो, आणि दारात आलेल्या श्रोत्याची भाषा कोणती हे हरिदास विचारीत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोरगावकर रामचंद्रबोवा यांची कीर्तने तंजावरास झाली. पूर्वरंगातील निरूपण, उत्तररंगातील आख्यान, साकी, दिंडी, ओवी, अभंग, अंजनीगीत यांची योजना आणि टाळ-मृदंगाची साथ यांनी तेथील रसिक मोहून गेले. तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी ही पद्धती आत्मसात करून तिला कर्नाटक संगीताचा आणि तमिळ निरूपणाचा साज चढविला. आज तमिळ देशात ‘हरिकथा कालक्षेपम्’ या नावाने जो प्रकार प्रसिद्ध आहे, त्याची घडण अशी झाली. तमिळ भागवतर आजही साकी-दिंडीचे नाव घेऊन त्या चालीवर तमिळ पद गातो.

भजनाची गोष्टही तशीच आहे. दक्षिणेकडील नामसंकीर्तनपद्धतीस ज्यांनी निश्चित रूप दिले, त्यांत मरुदानल्लूरचे सद्गुरुस्वामी (इ. स. १७७७–१८१७) अग्रगण्य होत. या पद्धतीत संस्कृत अष्टपदी, तेलुगू कृती, कन्नड देवरनामे आणि तमिळ पदे यांच्या पंक्तीस मराठी अभंगही बसतात. अभंग तमिळ लिपीत लिहून घेऊन पाठ करणारे भाविक तेथे आहेत. तमिळ लिपीत ‘क’ आणि ‘ग’ यांना एकच अक्षर असल्यामुळे उच्चारात थोडा फरक पडतो. पण विठ्ठलनामाचा प्रेमा त्यामुळे उणावत नाही. ज्ञानोबा-तुकोबांची वाणी येथे कोणी आज्ञा करून नेली नाही. ती गोड लागली म्हणून लोकांनी घेतली.

तिसरे स्थान माजघराचे. राज्य गेले, दरबार गेला, मुलांच्या शाळा तमिळ आणि इंग्रजी झाल्या; तरी देवघरात, स्वयंपाकघरात आणि पाळण्यापाशी मराठी राहिली. तिचा मुख्य सांभाळ घरातील स्त्रियांनी केला. तंजावरी मराठी असे जिला म्हणतात, ती बोली पुण्याच्या मराठीहून पुष्कळ वेगळी आहे. तिच्यात महाराष्ट्रात मागे पडलेले जुने शब्द आहेत, तमिळमधून आलेले नवे शब्द आहेत, आणि वाक्याची ठेवण द्राविडी वळणाची आहे. महाराष्ट्रातून आलेला पाहुणा ती ऐकून कधी कधी हसतो. त्याने हसू नये. तीनशेहून अधिक वर्षे छापील पुस्तकाच्या, शाळेच्या आणि वर्तमानपत्राच्या आधारावाचून केवळ मुखपरंपरेने जी भाषा जगली, ती अशुद्ध म्हणून हिणविण्याजोगी नसून वंदनीय आहे. तमिळ माणूसही या घरांना ‘रायर’ म्हणून ओळखतो, आणि मराठी गंगाळ तमिळ घरात ‘गंगाळम्’ होऊन बसले आहे. शेजार दोन्ही बाजूंनी फळला.

परंतु माजघराची मराठी बोलली गेली, लिहिली गेली नाही. आजी नातवाशी मराठीत बोलते. नातू उत्तर देतो, कधी मराठीत, कधी तमिळमध्ये. पण पत्र लिहावयाचे झाल्यास तो तमिळ किंवा इंग्रजीचा आश्रय घेतो. लेखनाचा आधार सुटलेली भाषा घरातील वडील माणसांच्या आयुष्याइतकीच टिकते. घर विखुरले, मुले चेन्नईस, बंगळूरास वा परदेशी गेली, म्हणजे बोलणारी दोन माणसे एका छपराखाली राहत नाहीत. माजघराच्या मर्यादेची ही दुसरी बाजू झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

तंजावरकरांनी आपले मूळ राखून परमुलखात जी कर्तबगारी दाखविली, तिचा थेट लाभ इतर मराठी संस्थानांनाही झाला. कुंभकोणम् येथे इ. स. १८२८ मध्ये जन्मलेले सर टी. माधवराव हे याच समाजाचे. त्रावणकोरचे दिवाण म्हणून कीर्ती मिळविल्यावर ते इ. स. १८७३ मध्ये इंदुरास होळकरांचे दिवाण झाले आणि इ. स. १८७५ ते १८८२ या काळात बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या अल्पवयात त्यांनी राज्याची घडी बसविली. त्यांचेच आप्त आर. रघुनाथराव यांनीही इंदूरचे दिवाणपद भूषविले. इ. स. १८८० मध्ये सयाजीरावांचा विवाह तंजावरच्या मोहिते घराण्यातील लक्ष्मीबाई यांच्याशी झाला. त्यांचे सासरचे नाव चिमणाबाई. त्यांच्याबरोबर तंजावरच्या नर्तकी बडोद्यास आल्या आणि पुढे भरतनाट्यम् या नावाने विख्यात झालेली दक्षिणी नृत्यकला गुजरातेत प्रथम त्यांच्या पावलांनी आली. महाराष्ट्राबाहेरच्या एका मराठी केंद्राने दुसऱ्या मराठी केंद्राला तमिळ देशाची कला आंदण द्यावी, याहून आत्मसात्‌करणाचे सुंदर उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

इंदूर, ग्वाल्हेर आणि बडोदे येथील राजाश्रयही इ. स. १९४८-४९ च्या विलीनीकरणात संपला. तंजावरास जे १८५५ मध्ये घडले ते या नगरांत सुमारे नव्वद वर्षांनी घडले. म्हणून तंजावरचा अनुभव या नगरांना मार्गदर्शक आहे. तो अनुभव असे सांगतो की, राजवाडा पुष्कळ देतो, पण त्याने दिलेले त्याच्यामागे कागद आणि पाषाण होऊन राहते. माजघर भाषा जिवंत ठेवते, पण एकटे पडले तर अक्षर विसरते. मठ या दोहोंच्या मधला आहे. तेथे ग्रंथ असतो आणि तो मोठ्याने वाचला जातो. तेथे घरातील आजी येते आणि शेजारचा परभाषी भाविकही येतो. तंजावरास कीर्तन आणि भजन टिकले ते दार उघडे राहिले म्हणून. तेथे मोडी विसरली गेली ती, राज्य गेल्यानंतर लेखन शिकविण्याचे काम कोणी आपले मानले नाही म्हणून. एकाच समाजाच्या इतिहासात यश आणि हानी या दोहोंची कारणे अशी शेजारी शेजारी पाहावयास मिळतात.

या दृष्टीने महाराष्ट्राबाहेरील मठांचे कर्तव्य दुहेरी आहे. उत्सवात, कीर्तनात व प्रसादात स्थानिक भाषेच्या भाविकाला मानाचे स्थान द्यावयाचे, हे पहिले कर्तव्य. ते बहुतेक मठ आनंदाने पाळीत आले आहेत. दासबोधाचे किंवा ज्ञानेश्वरीचे पारायण ज्या मुलांच्या कानांवर पडते, त्यांना तोच ग्रंथ डोळ्यांनी वाचता यावा म्हणून बाळबोध अक्षरांची ओळख मठातच करून द्यावयाची, हे दुसरे. आठवड्यातून एक तास, एक फळा आणि एक शिकविणारा भाविक एवढ्यावर हे काम सुरू होऊ शकते. त्यास राजाश्रय लागत नाही, मोठा निधीही लागत नाही.

प्रस्तुत स्मृतिग्रंथ दोन भाषांत निघत आहे, हे या परंपरेस धरूनच आहे. एक भाषा शेजाऱ्यासाठी आणि एक आपल्यासाठी, असा अर्थ कोणी करू नये. दोन्ही भाषा मठाच्या आहेत. कारण दोन्ही भाषांतून येथे नामस्मरण होत आले आहे. मठाच्या पुढील उत्सवप्रसंगी असा ग्रंथ पुन्हा निघेल, तेव्हा त्यातील मराठी पृष्ठे वाचणारे तरुण डोळे आजच्याहून अधिक असावेत, एवढीच श्रीचरणी प्रार्थना. बृहदीश्वराच्या भिंतीवरील अक्षरे बाळबोध आहेत. ज्याला ती अक्षरे शिकविली गेली, असा कोणत्याही गावचा मराठी मुलगा तेथे उभा राहून पहिली ओळ लावू शकेल.